डंबेल शोल्डर प्रेस नव्याने शिकताना

बेळगाव भागात जिममध्ये नव्याने येणारा माणूस कष्टाला नवा नसतो. कुणी उद्यमबागेत फाउंड्रीत जड कास्टिंग उचलतो, कुणी वडगाव-शहापूरकडे माग चालवतो, येळ्ळूर-कंग्राळीकडच्या कुणी लहानपणापासून तालमीत जोर मारलेले असतात, तर खानापूरचा एखादा पोरगा पहाटे उठून भरतीची तयारी करत असतो. अंगात ताकद असतेच. त्यामुळे शोल्डर प्रेसला, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर वजन ढकलण्याच्या व्यायामाला, पहिल्याच दिवशी दहा-दहा किलोचे डंबेल हातात घेतले जातात. ते वर जातातही. आणि पुढे काही आठवड्यांनी हीच मुलं ‘खांदा धरलाय’ म्हणून बसून राहतात.

याला कारण आहे. जोर, ओझं वाहणं, यंत्रावर काम करणं, यांत हात बहुतेक वेळ छातीसमोर किंवा खाली असतो. वजन घेऊन हात पूर्ण डोक्यावर नेण्याची सवय त्या खांद्याला नसते. ताकद असते, पण वरचा टप्पा न वापरलेला असतो. म्हणून वजन किती घ्यायचं हे सगळ्यांत शेवटी ठरवायचं. आधी कंबर न वाकवता आपला हात कुठवर वर जातो ते बघायचं, त्यावरून प्रेसचा प्रकार निवडायचा, मगच डंबेलच्या रॅककडे वळायचं.

खांद्यात काय चालतं

खांदा हा उखळीचा सांधा. पण खुब्याची उखळ खोल असते, खांद्याची उथळ. म्हणून तो इतका फिरतो, आणि म्हणूनच निखळतोही लवकर. दंडाच्या हाडाचा गोळा त्या उथळ उखळीत नीट धरून ठेवायचं काम चार लहान स्नायू करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. बाहेरून दिसतो तो गोल डेल्टॉइड, त्याचे पुढचा, बाजूचा आणि मागचा असे तीन भाग. प्रेसमध्ये मुख्य काम पुढच्या भागाचं, त्याच्या जोडीला बाजूचा भाग आणि दंडामागचा ट्रायसेप्स.

नवख्याला सहसा कुणी सांगत नाही ती गोष्ट म्हणजे खवाटा, म्हणजे पाठीवरचं फऱ्याचं हाड. हात मांडीपासून डोक्यावर जाईपर्यंत साधारण १८० अंश फिरतो. त्यातले सुमारे १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि उरलेले ६० अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात. हात वर जाताना खवाटा वळून वर सरकलाच पाहिजे. तो अडला, तर त्याच्या वाटणीचं काम सांध्यावर पडतं आणि खांद्याच्या वरच्या हाडाखालून जाणाऱ्या स्नायुबंधावर ताण येतो.

म्हणून ‘खांदे खाली दाबून ठेव’ ही जिममध्ये सर्रास दिली जाणारी सूचना शोल्डर प्रेससाठी मला पटत नाही. बेंच प्रेसला, म्हणजे बेंचवर आडवं पडून छातीवरून वजन ढकलताना, ती ठीक आहे, जमिनीवरून वजन उचलतानाही ठीक आहे. पण हात डोक्यावर नेताना खवाटे जाणूनबुजून खाली धरून ठेवणं म्हणजे सांध्याला अर्ध्या वाटेत अडवणं. सुरुवातीला खांदे सैल आणि खाली असू देत. डंबेल वर जातील तसे तेही थोडे वर जाऊ देत. मान आखडून खांदे कानाला भिडवायचे नाहीत, एवढंच पाळा.

पहिली पायरी: भिंतीजवळची तपासणी

भिंतीला पाठ लावून उभे राहा. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, गुडघे किंचित सैल. ढुंगण, पाठ आणि जमलं तर डोकं भिंतीला टेकलेलं. कंबर आणि भिंत यांच्यामध्ये फार तर तळहात जाईल इतकीच फट. आता श्वास पूर्ण सोडा, बरगड्या खाली येऊ द्या. दोन्ही हात सरळ, अंगठे वरच्या दिशेला. हात समोरून हळूहळू वर न्या आणि अंगठे डोक्यामागे भिंतीला टेकतात का बघा. या सगळ्यात कंबरेमागची फट वाढता कामा नये.

तालमीतून आलेला एक तरुण माझ्यासमोर हे करत होता. छाती भरदार, दंड जबर. हात झटक्यात वर गेले, अंगठे भिंतीला लागले, ‘झालं की’ म्हणाला. मी कंबरेमागे हात घातला तर अख्खा मनगटापर्यंत आत गेला. पुन्हा करायला लावलं. या वेळी श्वास सोडून, बरगड्या खाली धरून. अंगठे भिंतीपासून चार बोटं अलीकडेच थांबले. त्या चार बोटांची भरपाई आजवर त्याची कंबर करत होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. हातात वजन आल्यावरही तीच करणार होती.

अंगठे भिंतीला टेकले आणि कंबर जागची हलली नाही, तर पाठीला आधार घेऊन बसून करायच्या डंबेल प्रेसने सुरुवात करा.

दोन-चार बोटं कमी पडत असतील, तर डोक्यावर सरळ प्रेस सध्या नको. बेंचची पाठ नेहमीच्या प्रेसपेक्षा एक-दोन खाचा मागे घ्या, म्हणजे जमिनीपासून साधारण ६० अंशांवर. तळवे एकमेकांसमोर ठेवून प्रेस करा. किंवा लांब बारचं एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरं टोक एका हाताने वर-पुढे ढकला. याला लँडमाइन प्रेस म्हणतात. हात तिरका वर जातो, कंबर वाकवण्याचं कारण उरत नाही. नवख्यासाठी हा प्रकार फार चांगला आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही. जोडीला रोज भिंतीला पाठ लावून हात वर-खाली सरकवण्याचे दहा-बारा फेरे करा. दाराच्या चौकटीला वर हात धरून काखेखालची बाजू ताणायचाही सराव ठेवा. दर पंधरवड्याला तपासणी पुन्हा करून बघा.

रिकामा हात वर नेतानाच दुखत असेल, तर कुठलाच प्रेस नको. आधी तपासून घ्या.

कुस्ती खेळलेल्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. ज्याचा खांदा एकदा पुढच्या बाजूला निखळलेला आहे, त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची स्थिती म्हणजे हात बाजूला उचललेला, कोपर मागे गेलेलं आणि पंजा मागे वळलेला. डंबेल खाली आणताना कोपरं पाठीमागे गेली की नेमकी हीच स्थिती तयार होते. निखळून बसवलेल्या खांद्याने हा व्यायाम हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरू करावा. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचा त्रास इतरांपेक्षा जास्त दिसतो. हात हळूहळू कमी वर जातोय असं जाणवत असेल, तर तो जोर लावून मोकळा करायला जाऊ नका. रक्तदाब आटोक्यात नसेल तर तेही आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

दुसरी पायरी: बेंच आणि डंबेल बघून घ्या

बेंचची पाठ अगदी काटकोनात ठेवू नका. सरळ उभ्यापेक्षा एक खाच मागे, म्हणजे ७५ ते ८० अंशांच्या आसपास. अगदी ताठ पाठीत माणूस बुड पुढे सरकवून कंबर वाकवतो. जास्त मागे गेलात तर व्यायाम छातीचा होतो. पाय पूर्ण जमिनीवर टेकलेले. उंची कमी असेल तर पायाखाली प्लेट घ्या.

घरी व्यायाम करणाऱ्यांनी डंबेलची तपासणी जास्त काळजीने करावी. प्लेट काढता-घालता येणारे डंबेल असतील तर दोन्ही बाजूंचे नट प्रत्येक सेटआधी हाताने आवळून बघा. डोक्यावर गेलेल्या डंबेलची प्लेट सुटली तर ती तोंडावर येते. काहींकडे ओळखीच्या वर्कशॉपमधून करून घेतलेले किंवा जुने घेतलेले डंबेल असतात. असे दोन्ही डंबेल एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून वजन करा. एक पाचाचा आणि दुसरा साडेपाचाचा निघाला, तर एक खांदा रोज जास्त राबणार.

कारखान्यातून थेट जिमला येणाऱ्यांनी हात साबणाने धुऊनच डंबेल धरावा. तळहातावर ऑइलचा हलका थर जरी राहिला तरी पकड सुटते. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे हवा इतकी दमट असते की मूठ घामाने आणि ओलीने निसरडी होते. सुका टॉवेल जवळ ठेवा.

तिसरी पायरी: डंबेल खांद्यापर्यंत आणणं

बरेच जण इथेच दुखापत करून घेतात, कारण व्यायाम अजून सुरू व्हायचाय या समजुतीत असतात. डंबेल जमिनीवरून उचलताना गुडघे वाकवा, पाठ सरळ. बेंचवर बसून दोन्ही डंबेल मांड्यांवर, गुडघ्यांजवळ उभे ठेवा. मग एक गुडघा वर उचलून त्या झटक्याने एक डंबेल खांद्यापाशी आणा, नंतर दुसरा. नुसत्या हाताने बाजूने ओढून वर घेऊ नका. संपवतानाही हाच क्रम उलटा. डंबेल खांद्यापाशी, तिथून मांडीवर, मग जमिनीवर. थकलेल्या हाताने ते दोन्ही बाजूंना सोडून दिले की खांदा खाली आणि मागे ओढला जातो. शेजारी कुणाचा तरी पाय असतोच, तो धोका वेगळा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष प्रेस

सुरुवातीला डंबेल कानाच्या पाळीच्या किंवा हनुवटीच्या उंचीवर. समोरून बघा किंवा बाजूने, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उभा, जमिनीला काटकोनात दिसला पाहिजे. मनगट मागे मोडलेलं नको. डंबेलची दांडी बोटांच्या मुळाशी न धरता तळहाताच्या खालच्या भागावर, मनगटाच्या हाडांच्या वर येईल अशी धरा.

कोपरं कुठे, यावर खांद्याचं सुख-दुःख ठरतं. ती थेट बाजूला पसरू नका. तिथून साधारण ३० अंश पुढे आणा. खवाटा बरगड्यांच्या पिंजऱ्यावर किंचित पुढे वळून बसलेला असतो आणि दंड त्याच्या रेषेत ठेवला की सांध्याला सर्वांत मोकळी जागा मिळते. आरशात समोरून बघून हे कळत नाही. बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्या. कोपर छातीच्या थोडं पुढे दिसलं पाहिजे, पाठीमागे कधीच नाही. मानेमागून करायचा प्रेस मी नवख्याला करू देत नाही, त्याचं कारणही हेच.

तळवे थेट समोर असलेच पाहिजेत असं नाही. कोपरं पुढे आणली की तळवे आपोआप थोडे आत वळतात. तसेच राहू द्या. ज्यांना पुढच्या बाजूला टोचतं त्यांनी तळवे पूर्ण एकमेकांसमोर ठेवावेत. खाली तळवे स्वतःकडे आणि वर जाताना ते फिरवायचे, हा आर्नोल्ड प्रेस दिसायला छान आहे, पण पहिले काही महिने त्याच्या वाटेला जाऊ नका. एकाच वेळी ढकलणं आणि फिरवणं सांभाळताना कोपरांवरचं लक्ष उडतं.

आता श्वास आत घ्या, पोट हलकं आवळा, बरगड्या खाली. डंबेल वर ढकला. रेषा अगदी सरळ उभी नसते. ते थोडे आतल्या बाजूला येत वर जातात. वर पोचल्यावर डंबेल खांद्यांच्या बरोबर वर, बाजूने पाहिलं तर दंड कानाच्या रेषेत. एकमेकांवर आपटू नका. त्याने स्नायूला काही मिळत नाही, उलट तोल जातो. कोपर सरळ होऊ द्या, पण झटका देऊन अडकवू नका. अवघड टप्पा ओलांडला की श्वास सोडा. पूर्ण सेटभर श्वास कोंडून धरला तर रक्तदाब चढतो आणि चक्कर येऊ शकते. नजर समोर, आणि डोक्यावर घागर घेऊन चाललेल्या बाईसारखी मान स्थिर. वर डंबेलकडे बघायला गेलात की मान आणि कंबर दोन्ही वाकतात.

खाली आणायला दोन-तीन सेकंद घ्या. ‘घाई कशाला करायलायस, हळू सोड की’ हे मला दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागतं. वर ढकलताना सगळे मन लावतात, उतरवताना डंबेल पडू देतात, आणि कोपरं मागे जाण्याची चूक नेमकी तेव्हाच होते. किती खाली आणायचं? मनगट उभं राहून, कोपर मागे न जाता आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला न टोचता जिथवर येतं तिथवर. बहुतेकांना कानाची पाळी ते हनुवटी एवढं पुरतं. आणखी खाली आरामात जात असेल तर न्या, ओढूनताणून नको.

कंबर वाकण्याबद्दल

वजन जास्त झालं की शरीर मागे झुकतं आणि छातीचे स्नायू मदतीला येतात. वेटलिफ्टिंगचा इतिहास बघितला तर हा मोह किती जुना आहे ते कळतं. ऑलिंपिकमध्ये पूर्वी स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर प्रेस ही तिसरी उचल होती. पण खेळाडू इतके मागे झुकून वजन ढकलू लागले की ती उचल खरी कुठली आणि चुकीची कुठली हे पंचांना ठरवणं अवघड होऊन बसलं. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढूनच टाकला. जगातले कसलेले लिफ्टर जिथे झुकत होते, तिथे नवखा दहा किलो जास्त घेऊन झुकणारच. म्हणून बेंचवर बसल्यावर पाठीचा वरचा भाग आणि बुड टेकलेलं राहिलंच पाहिजे. बुड पुढे सरकायला लागलं तर तो सेट तिथेच संपवा.

उभं राहून करायचा प्रेस बसून नीट जमल्यावर घ्या. त्यात पोट, कंबर, पाय सगळ्यांना तोल धरावा लागतो, म्हणून वजन कमीच लागतं. पाय खांद्याइतके रुंद, नितंब आवळलेले, गुडघ्यातून उसळी नाही. एका हाताची बाजू कमजोर असेल तर एक गुडघा जमिनीला टेकवून, त्याच बाजूच्या हाताने एकेक प्रेस करा. कंबर वाकली की त्यात लगेच कळतं.

वजन, सेट आणि वाढ

सुरुवात अडीच ते पाच किलोने, प्रत्येक हातात. बायकांनी आणि बऱ्याच वर्षांनी व्यायामाकडे वळलेल्यांनी एक-दोन किलोनेही करावी. आधी रिकाम्या हाताने एक सेट. तालमीतले असाल तर हलकं करेल (फिरवायचं लाकडी मुद्गल) सावकाश फिरवून खांदे गरम करा, उत्तम. मग ८ ते १२ वेळा, असे तीन सेट, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन-तीनदा नीट झालं असतं असं वाटलं पाहिजे. शेजारून ‘अजून एक’, ‘इन्नोंदु, इन्नोंदु’ असा पुकारा होतो तेव्हा थांबायला मन धजत नाही. तरी थांबा.

वाढ करताना एक हिशेब ध्यानात घ्या. जिममध्ये डंबेल बहुधा अडीच-अडीच किलोने वाढतात. पाचावरून साडेसातावर जाणं म्हणजे वजन दीडपट करणं. खांद्यासारख्या उथळ सांध्याला ही उडी मोठी आहे. तिन्ही सेट बारा-बारा वेळा सुटसुटीत झाले की आधी पंधरा वेळांपर्यंत न्या. मग फक्त पहिला सेट साडेसाताने करा, उरलेले दोन पाचानेच. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू तिन्ही सेट नव्या वजनाने होतील. जड सेटला मदतनीस हवा असेल तर त्याने मागे उभं राहून मनगटांजवळ आधार द्यावा. कोपरांखालून ढकलल्यास हात दुमडून डंबेल डोक्यावर यायची भीती असते.

जितकं ढकलता निदान तितकंच ओढा. डंबेलने रोइंग, केबल चेहऱ्याकडे ओढणं, मागच्या खांद्याचे व्यायाम. जोर मारणाऱ्यांच्या छातीला आणि पुढच्या खांद्याला आधीच भरपूर काम मिळालेलं असतं, त्यांना याची सर्वांत जास्त गरज. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने भरतीचं स्वप्न इथे घरोघरी आहे. त्या मुलांना १.६ किलोमीटरच्या धावण्याबरोबर बीमवर पुल-अपही काढायचे असतात. पूर्ण गुणांसाठी दहा लागतात. प्रेस करून खांदा दुखावला तर पहिला घाला त्या पुल-अपवर येतो. भरती जवळ आली असेल तर प्रेस हलका ठेवा, ओढण्याचे व्यायाम वाढवा.

दुखलं तर

दुसऱ्या दिवशी खांद्याच्या गोलाईत आणि दंडामागे जडपणा वाटणं ठीक आहे, दोन-तीन दिवसांत जातं. खांद्याच्या पुढे किंवा वर एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं टोचणं वेगळं. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधल्या पट्ट्यात दुखतं आणि वर गेल्यावर कमी होतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हाताला मुंग्या येतात किंवा हात उचलायची ताकदच गेल्यासारखी वाटते, यांपैकी काहीही असेल तर प्रेस बंद करा आणि तपासून घ्या. खांदा निखळला असेल तर आखाड्यात किंवा जिममध्येच ओढून बसवू देऊ नका. तिथून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. हात झोळीत बांधून दवाखाना गाठा. बेळगावात जिल्हा रुग्णालयात हाडांचा विभाग आहे, फिजिओथेरपीची सोयही शहरात आहे. जाताना व्यायामाचा बाजूने घेतलेला व्हिडिओ सोबत न्या. हात कुठल्या कोनात दुखतो हे तोंडी सांगण्यापेक्षा त्यातून लवकर कळतं.

बरं वाटल्यावर जिथे थांबलात तिथून पुन्हा सुरू करू नका. भिंतीची तपासणी, मग लँडमाइन, मग तिरका बेंच तळवे समोरासमोर ठेवून, आणि त्यानंतर सरळ बसून प्रेस. प्रत्येक टप्प्यावर निदान दोन आठवडे न दुखता काढा. डंबेल सुरुवातीला घेतले होते तेच.